किळस आली म्हणजे ते चूक असतं का?

आमच्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर चार टाइल्स लावल्यात. गणपती, साईबाबा, येशूचा क्रूस आणि मक्का. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहणाऱ्याला या टाइल्स का लावतात हे सांगावं लागत नाही. त्या कोपऱ्यात आधी 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती आणि लोक पाटीवरच थुंकायचे. मग पाचशे रुपये दंडाची पाटी आली. तिच्यावरही लाल ओघळ आले. शेवटी सेक्रेटरींनी हार्डवेअरच्या दुकानातून देव आणले आणि आठवड्याभरात कोपरा कोरडा पडला.

गंमत अशी, की थुंकणाऱ्याला आपण घाण करतोय हे आधीही माहीत होतं. स्वतःच्या घरात तो बेसिनमध्येच थुंकतो. म्हणजे 'ही घाण आहे' एवढ्याने तो थांबला नाही, 'हे पाप आहे' म्हटल्यावर थांबला. घाण आणि पाप ही मनातली दोन वेगळी खाती असली, तरी त्यांच्यामध्ये एक दार आहे आणि ते दोन्ही बाजूंनी उघडतं. इथे पापाच्या बाजूने ढकललं आणि घाण थांबली. पण बहुतेक वेळा ते उलट्या बाजूने उघडतं: एखादी गोष्ट घाण वाटते, आणि आपल्या नकळत ती 'वाईट', 'चूक', 'अनैतिक' वाटायला लागते. मानसशास्त्रज्ञ गेली तीसचाळीस वर्षं या दाराशी खटपट करतायत. त्यांच्या हाती काय लागलं, काय निसटलं, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, ते सांगतो.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. मराठीत आपण स्वच्छ, शुद्ध, पवित्र, निर्मळ, सोवळं हे शब्द एकमेकांत सहज मिसळतो. पण स्वच्छता डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. शुद्धता नियमांनी ठरते.

माझ्या आजीची एक धाबळी होती. स्वयंपाक आणि पूजा ती धाबळी नेसूनच करायची. लोकरीला ओवळं लागत नाही असा नियम, त्यामुळे धाबळी महिनोन्महिने धुतली जात नसे. तिला धुराचा, तुपाचा आणि घामाचा मिळून एक आंबूस वास यायचा. मी मात्र नुकती आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलो, की आतून आवाज यायचा, "शिवू नकोस रे!" डेटॉलवाल्यांनी तपासणी केली असती तर मी पहिला आलो असतो. पण आजीच्या हिशोबात जंतू नव्हतेच. तिथे सोवळी होती ती धाबळी, आणि ओवळा होतो तो मी.

इंद्रायणीचंही तेच. शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी मिसळून आळंदीजवळ नदीवर पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. वारकरी त्याच पाण्यात उतरतो, ओंजळ डोक्याला लावतो. त्याला फेस दिसत नाही असं नाही. पण 'नदी घाण झालीय' आणि 'नदी पवित्र आहे' ही दोन्ही वाक्यं त्याच्यापुरती एकाच वेळी खरी असतात. अडचण अशी होते, की नदी पवित्रच असल्यावर तिला कोण आणि काय घाण करणार, असंही आत कुठेतरी वाटत राहतं. नदीच्या साफसफाईचा तगादा मागे पडायला तेवढं पुरतं.

या दाराच्या खुणा भाषेत पावलोपावली सापडतात. आरोप झाला की पुढारी म्हणतो, माझे हात स्वच्छ आहेत. चारित्र्याला डाग लागतो, निवडणुकीत चिखलफेक होते, कुणाच्या तोंडाला काळं फासलं जातं, कुणी तोंड काळं करून निघून जातो. कुणीच धुतल्या तांदळासारखा नसतो. चौकशीतून सुटलेल्याला क्लीन चिट मिळते, आणि पक्ष बदलताच आरोप नाहीसे झाले तर लोक 'वॉशिंग मशीन'चा विनोद करतात. हा विनोद सांगताना कुणाला समजवावं लागत नाही, कारण अपराध हा मळ आहे आणि तो धुता येतो ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडलीय. (अपवाद एकच. वाहत्या गंगेत हात धुऊन घेणाऱ्याचे हात काही स्वच्छ होत नाहीत!)

आता या सगळ्याच्या मुळाशी जाऊ. मूळ आहे किळस.

किळस ही शरीराची राखणदार भावना. नासलेलं दूध, सडलेलं मांस, विष्ठा, पू, ओकारी यांत रोग असतो, आणि सूक्ष्मदर्शक सापडायच्या कितीतरी आधीपासून माणसाला जगायचं होतं. म्हणून नाक आक्रसणं, वरचा ओठ उचलला जाणं, तोंडातलं बाहेर टाकणं ही सगळी प्रतिक्रिया विचार सुरू व्हायच्या आधीच होऊन जाते. राखणदार म्हटल्यावर तो थोडा जास्तच संशयी असणार. चुकून चांगलं दूध फेकलं तर एक पेला दूध जातं, चुकून वाईट प्यायलं तर जीव जातो.

हा संशयीपणा किती टोकाचा असतो, हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पॉल रोझिन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. त्यांनी फळांच्या रसात मेलेलं झुरळ बुडवून काढलं. झुरळ पूर्ण निर्जंतुक केलेलं होतं आणि तसं लोकांना सांगितलंही होतं. तरी लोक तो रस प्यायला तयार होईनात. चॉकलेटच्या वडीला कुत्र्याच्या विष्ठेचा आकार दिला, तर चॉकलेट आहे हे माहीत असूनही लोक मागे सरले. किळसेला युक्तिवाद चालत नाही. तिचं सरळ गणित आहे: शिवलं की बाटलं, आणि दिसतं तसंच असतं.

त्याच रोझिन यांचा दुसरा प्रश्न आपल्या कामाचा. हिटलरने वापरलेला स्वेटर धुऊन, स्वच्छ करून तुम्हाला दिला तर घालाल का? बहुतेकांना नको वाटतं. आता नीट पाहा. स्वेटर घाण नाही. हिटलरला काही संसर्गजन्य रोग होता म्हणूनही कुणी नाकारत नाही. दुष्टपणा लोकरीत मुरलाय आणि तो आपल्या अंगाला लागेल, असं वाटतं. नीतीचा निवाडा चक्क जंतूसारखा वागायला लागला. आजीला 'शिवू नकोस' म्हणताना जे होत होतं, तेच स्वेटर पाहून रोझिन यांच्या फिलाडेल्फियातल्या माणसाला होतं. फक्त त्याला त्यासाठी शब्द नाही.

आणखी एक गोष्ट. बाटणं एकाच दिशेने होतं. दुधाच्या पातेल्यात एक खडा मीठ पडला की दूध गेलं, पण मिठाच्या बरणीत थेंबभर दूध पडून मीठ काही दूध होत नाही. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, एक चांगला आंबा नासकी अढी सुधारत नाही. आंब्यापुरतं हे खरंच आहे. पण ही म्हण आपण आंब्यांसाठी कितीशी वापरतो? वापरतो ती माणसांसाठी, आणि मग 'तसल्या' एका भाडेकरूमुळे सगळी सोसायटी बिघडणार असते.

घाण म्हणजे नक्की काय, यावर इंग्लिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये जे म्हटलं ते अजून कुणी मागे टाकलेलं नाही. घाण म्हणजे चुकीच्या जागी पडलेली वस्तू. केस डोक्यावर आहे तोवर त्याचं कौतुक, त्याला तेल, गजरा. तोच आमटीत दिसला की ताट बाजूला. केस बदलला नाही, जागा बदलली. चप्पल दाराशी ठीक, पलंगावर नाही. म्हणजे घाण ओळखायची तर आधी प्रत्येक गोष्टीची 'जागा' ठरलेली असायला हवी, आणि जागा समाज ठरवतो. हे वस्तूंपुरतं निरुपद्रवी वाटतं. माणसांच्याही जागा ठरलेल्या असतात हे आठवलं की मग नाही वाटत.

किळस ताटातून वागणुकीकडे कशी सरकते, याचा एक पुरावा चेहऱ्यावरच मिळाला. टोरांटो विद्यापीठात हॅना चॅपमन आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या वरच्या ओठाचा स्नायू मोजला. कडू द्रव पिताना तो उचलला गेला. किळसवाण्या वस्तूंचे फोटो पाहताना उचलला गेला. आणि पैसे वाटून घेण्याच्या खेळात समोरच्याने अन्याय्य वाटणी केली तेव्हाही तोच स्नायू उचलला गेला. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. 'त्याचं वागणं बघून शिसारी आली' असं आपण म्हणतो तेव्हा चेहरा निदान अलंकारिक बोलत नसतो.

पण कुठल्या वागणुकीची शिसारी यावी हे सगळीकडे सारखं नसतं. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये आणि शिकागोत मुलांना व मोठ्यांना वागणुकीच्या एकोणचाळीस गोष्टी सांगून विचारलं, यातली कुठली किती वाईट? वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, ही गोष्ट भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांनी सर्वांत गंभीर अपराधांत धरली. न विचारता सिनेमाला गेली म्हणून नवऱ्याने बायकोला काळंनिळं होईपर्यंत मारलं, हे मात्र तिथल्या अनेकांना फारसं वावगं वाटलं नाही. शिकागोत नेमकं उलट. १९८७चं हे काम. आपण लगेच ओडिशाकडे बोट दाखवायची गरज नाही. सुतकात शेव केलेला मुलगा आणि बायकोवर हात उगारणारा मुलगा यांपैकी कुणाबद्दल आपल्या लग्नघरांत जास्त कुजबुज होते, हे ज्याचं त्याने आठवावं. केस कापून कुणालाच इजा होत नाही, तरी तो अपराध वाटतो, कारण तिथे मोडलेली गोष्ट पावित्र्याची असते. श्वेडर यांचं म्हणणं असं, की नीतीची ही एक स्वतंत्र बाजू आहे: इजा आणि न्याय यांच्या शेजारी ठेवलेली. मी हे मान्य करतो. फक्त ती बाजू इजेच्या डोक्यावर बसली की काय होतं, ते पुढे येईलच.

आता प्रयोगशाळेत जाऊ. इथली कथा थोडी लांबवतो, कारण वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तिचा पूर्वार्धच छापून आलाय.

२००६ मध्ये चेन-बो झोंग आणि केटी लिल्येनक्विस्ट यांनी काही विद्यार्थ्यांना आपण केलेलं एखादं वाईट कृत्य आठवायला सांगितलं, इतरांना चांगलं. मग मधली अक्षरं गाळलेले इंग्रजी शब्द दिले. एकाचं 'वॉश' होऊ शकत होतं किंवा 'विश', दुसऱ्याचं 'सोप' किंवा 'स्टेप'. वाईट आठवलेल्यांनी धुण्याचे आणि साबणाचे शब्द जास्त पूर्ण केले. दुसऱ्या फेरीत जाताना भेट म्हणून जंतुनाशक पुसणी किंवा पेन्सिल यातलं एक निवडायचं होतं. वाईट आठवलेल्यांपैकी दोनतृतीयांशांनी पुसणी उचलली, चांगलं आठवलेल्यांपैकी एकतृतीयांशांनी. सगळ्यांत चमकदार भाग शेवटी होता. वाईट कृत्य आठवून झाल्यावर काहींना हात पुसू दिले, काहींना नाही. मग सांगितलं, एका विद्यार्थ्याच्या संशोधनाला फुकट मदत हवीय. हात न पुसलेल्यांपैकी ७४ टक्के तयार झाले. पुसलेल्यांपैकी फक्त ४१ टक्के. हात धुतले, अपराधीपणा उतरला, मग परोपकाराची काय गरज? शेक्सपिअरच्या नाटकात खुनानंतर हातावरचा रक्ताचा न दिसणारा डाग चोळत बसणाऱ्या राणीवरून याला 'मॅकबेथ परिणाम' असं नाव पडलं.

दोन वर्षांनी सिमोन श्नाल आणि सहकाऱ्यांनी उलटा प्रश्न विचारला. आपण स्वच्छ आहोत असं वाटलं तर आपण दुसऱ्याचा निवाडा कसा करू? चाळीस विद्यार्थ्यांपैकी अर्ध्यांना वाक्यं जुळवायला दिली, त्यात 'शुद्ध', 'धुतलेलं' अशा अर्थाचे शब्द पेरलेले. मग विचारलं, सापडलेल्या पाकिटातले पैसे ठेवून घेणं किती वाईट? नोकरीच्या अर्जात खोटं लिहिणं? आपला मेलेला कुत्रा खाणं? स्वच्छतेचे शब्द हाताळलेल्यांनी जरा सौम्य निवाडा दिला. दुसऱ्या प्रयोगात किळसवाणं दृश्य दाखवून अर्ध्यांना हात धुवायला लावले. धुतलेले पुन्हा सौम्य. त्याच वर्षी श्नाल आणि जोनाथन हाईट वगैरेंनी असंही दाखवलं, की खोलीत दुर्गंधीचा फवारा मारला किंवा चिकट, खरकट्या टेबलाशी बसवलं, की लोक जास्त कडक होतात.

चित्र किती छान जुळलं! वास आला, नाक मुरडलं, निवाडा कडक झाला. साबण लावला, सौम्य झाला. मग न्यायाधीशांनी निकालाआधी हात धुवावेत का, अशा गप्पा सुरू झाल्या.

पण २०१०मध्येच झोंग आणि आणखी दोघांनी नेमकं उलटं मांडलं. हात पुसलेले लोक सामाजिक विषयांवर जास्त कडक निवाडा देतात, कारण स्वतःला स्वच्छ समजणारा दुसऱ्याकडे उंचावरून खाली बघतो. आता स्वच्छता माणसाला सौम्य करते की कडक? ज्या सिद्धांतातून दोन्ही उत्तरं निघतात त्याच्याकडे मी तरी जरा सावधपणे बघतो.

मग आलं २०१४. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या तिघांनी श्नाल यांचे दोन्ही प्रयोग जसेच्या तसे, कितीतरी जास्त माणसं घेऊन केले. चाळीसच्या जागी २०८, दुसऱ्यात १२६. काहीही सापडलं नाही. धुतलेले आणि न धुतलेले सारखेच. श्नाल यांनी आक्षेप घेतला, की नव्या प्रयोगात बहुतेकांची उत्तरं आधीच 'फार वाईट'च्या टोकाला चिकटलेली होती, फरक दिसणार कसा. वाद बराच पेटला आणि काही काळ वैयक्तिकही झाला. त्याच वर्षी ब्रायन अर्प आणि सहकाऱ्यांनी मॅकबेथ परिणाम ब्रिटन, अमेरिका आणि भारत अशा तिन्ही ठिकाणी शोधला. तिन्हीकडे हुलकावणी. २०१५ मध्ये जस्टिन लँडी आणि जेफ्री गुडविन यांनी किळसेचे सगळे उपलब्ध प्रयोग, न छापलेलेही, एकत्र तोलले. किळस आणल्याने निवाडा कडक होतो खरा, पण इतका किंचित, की फसलेले प्रयोग छापलेच जात नाहीत हे लक्षात घेतलं तर उरतं शून्याच्या आसपास.

मग सगळं थोतांड? नाही. इथे सांभाळून पाऊल टाकायला हवं. पडलं ते एवढंच: घटकाभराचा वास किंवा साबणाचा फेस माणसाची नीती फिरवत नाही. उभं राहिलं ते हे: ज्या माणसाला मुळात लवकर आणि जास्त किळस येते, तो स्वभावतःच काही बाबतींत जास्त कडक असतो. कोण कुणाबरोबर झोपतं, काय खातं, कुठल्या रूढी मोडतं, परकी माणसं, असे ते विषय. ही सांगड वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलीय. कशामुळे काय होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. कडक घरात वाढलेल्याला किळसही शिकवलेली असू शकते. माझी आजी काही कुणी फवारा मारल्यामुळे 'शिवू नकोस' म्हणत नव्हती. ती पाच वर्षांची असल्यापासून तिला तसं घडवलं होतं.

म्हणून मला वाटतं, या विषयाचा खरा प्रयोग मिशिगनमध्ये झालाच नाही. तो महाडला झाला.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव आणला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचं कागदावर मान्य केलं. प्रत्यक्षात तळ्यावर जायची कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्या हजारोंसह रांगेने तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. दोनेक तासांत गावात अफवा उठली, आता हे देवळात शिरणार. परिषदेचे लोक जेवत होते, परतीला लागले होते. त्यांच्यावर लाठ्याकाठ्या चालल्या.

पण आपल्या विषयासाठी पाहायचं ते त्यानंतरचं. सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. १०८ घागरी पाणी काढलं, आणि त्या घागरींत दही, दूध, शेण, गोमूत्र घालून त्या मंत्रोच्चारात तळ्यात बुडवल्या. गुरंढोरं त्या तळ्यावर आधीही पाणी पीत होती. त्यांच्यामुळे ते कधी बाटलं नव्हतं.

प्यायच्या पाण्यात शेण कालवायचं, आणि त्याला शुद्धी म्हणायचं. जंतूंच्या हिशोबाने हा वेडेपणा आहे, पण करणारे वेडे नव्हते. त्यांना खरोखर किळस आली असणार, पोटातून. निर्जंतुक झुरळाचा रस नाकारणाऱ्याला येते तितकीच खरी. आणि खरी किळस आली म्हणूनच त्यांना आपण बरोबर आहोत याची खात्री वाटली असणार. मेख इथेच आहे. भावना खरी असते, आणि तिने समोरच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चवदार तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने तपासला तो हक्क, रूढी किती जुनी याचा पुरावा. कुणाला किती शिसारी आली हे तपासलं नाही. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी अभंगातून विचारलं होतं, की विटाळ देहातच जन्मतो तर मग सोवळा कोण? त्यांना उत्तर द्यायला मात्र कुठलं न्यायालय नव्हतं.

हे जुनं झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्च-एप्रिल २०२० आठवावं. संध्याकाळी गॅलरीत थाळ्या वाजवल्या, आणि रात्री हॉस्पिटलातून परतलेल्या नर्सला सोसायटीच्या गेटवर अडवलं. अशा बातम्या इतक्या आल्या, की २२ एप्रिलला केंद्र सरकारला १८९७च्या साथरोग कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांना संरक्षण द्यावं लागलं. भीती समजू शकते, रोग नवा होता. पण त्या नर्सबद्दल बोलताना लोकांचा सूर भीतीचा नव्हता, रागाचा होता. जणू तिने काहीतरी गैर केलंय.

रोजच्या व्यवहारात हेच दार आणखी शांतपणे उघडतं. घाण जो उचलतो तोच घाण ठरतो. कचरा माझा, पण त्याचा वास चिकटतो तो नेणाऱ्याला. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने एक साधी मागणी केली होती: वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे हातांनी कचरा निवडणाऱ्या बाईला आत काय आहे ते न उघडता कळेल. कागद आणि लाल स्केचपेन, बस्स. आणि नेमकं तेवढंच अवघड जातं, कारण ठिपका काढायचा तर त्या पुडक्याकडे आणि ते उचलणाऱ्या हाताकडे क्षणभर बघावं लागतं. पाळीचा विषय, त्यातून कचरा. 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसवलेली पिढी अजून हयात आहे. डोळ्यांआड केलं की आपण स्वच्छ, असा आपला जमाखर्च. मीही काही वेगळा नाही. ओटा चकचकीत पुसून झाल्यावर शेजाऱ्याच्या दाराबाहेरच्या कचऱ्याच्या पिशवीवर माझ्याइतकं नैतिक भाषण कुणी देत नाही. श्नाल आणि झोंग यांच्यापैकी कोण बरोबर हे विज्ञानाने ठरवावं. रविवारी सकाळी मी झोंगचा पुरावा असतो.

हे दार कधीकधी आतल्या बाजूलाही उघडतं, आणि तेव्हा छळतं. ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात, त्यात माणूस पुन्हा पुन्हा हात धुतो आणि तरी स्वच्छ वाटत नाही. स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञांनी त्यातला एक प्रकार वेगळा काढून दाखवला. यात घाणीला हात लागलेलाच नसतो. अपमान, विश्वासघात किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला आतून मळल्यासारखं वाटत राहतं, आणि तो मळ नळाखाली निघत नाही. अपराध दुसऱ्याचा, आंघोळी हिच्या. यावर औषधं आहेत, उपचार आहेत, चांगले लागू पडतात. घरच्यांनी 'काय सारखी हात धुतेस' म्हणून टोमणे मारायची ही गोष्ट नाही.

स्वच्छतेची ओढच वाईट असं यातून कुणी काढू नये. त्यासाठी गाडगेबाबांकडे बघावं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी खराटा हातात घ्यायचा. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तनात लोकांची मनं. त्यांच्या अंगावर चिंध्यांचं ठिगळ ठिगळ जोडलेलं पांघरूण असायचं आणि हातात फुटकं गाडगं. ज्याने अख्खी गावं झाडली तो दिसायला गावातला सगळ्यांत मळका माणूस. आज तो आमच्या सोसायटीच्या गेटवर आला तर वॉचमन आत सोडेल, असं छातीवर हात ठेवून मी म्हणू शकत नाही. आणि कीर्तनात त्यांनी पाप म्हणून काय मोजलं? कर्ज काढून लग्न आणि सण करणं, दारू, देवाला बकरं कापणं, शिवाशिव. ज्यात कुणाचं तरी नुकसान दाखवता येतं अशाच गोष्टी. घाण त्यांनी हातांनी उचलली, आणि ती कुणा माणसावर टाकली नाही.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिन्याचा विषय पुन्हा निघाला. टाइल्सचा कोपरा कोरडा आहे, पण समोरची भिंत आता लाल व्हायला लागलीय. आणखी आठ टाइल्स आणायचं ठरलं. मग कुणीतरी तक्रार केली, की टाइल्सच्या कोपऱ्यातच जळमटं धरलीत, खाली धूळ साचलीय, जिना पुसणाऱ्या मावशी तिथे हातच लावत नाहीत. मावशींना बोलावलं. त्या दाराबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलंय, देवांना तुझं फडकं लावू नकोस म्हणून."